रात्रीचा मुक्काम

रोहिणीताई चौगुले यांच्या घराचं रुग्णालय झालं, तेव्हा त्या मटकी निवडत बसल्या होत्या. जिल्ह्याच्या वर्गीकरण कार्यालयातून दोन माणसं आली. त्यांनी दाराच्या चौकटीवर निळी पाटी ठोकली, स्वयंपाकघरात आग विझवायचं लाल नळकांडं टांगलं, बाल्कनीच्या दारावर बाहेर जाण्याचा बाण चिकटवला आणि ताईंच्या अंगठ्याचा ठसा घेऊन ती निघून गेली. पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘गृहरुग्णालय. खाटा एक. अभ्यागतांची वेळ दुपारी चार ते सहा.’

मिरजेला दवाखान्यांचं नवल नाही. स्टेशनबाहेर पडलं की औषधांची दुकानं, पेशंटच्या नातेवाइकांसाठीचे लॉज आणि डॉक्टरांच्या पाट्या यांतूनच वाट काढावी लागते. रोहिणीताईंची सगळी नोकरी मिरज जंक्शनच्या चौकशी खिडकीत गेली होती. बेळगावची गाडी किती लेट आहे हे विचारणारे जितके, तितकेच हाडांचा दवाखाना कुठे, डोळ्यांचा कुठे हे विचारणारे. दिवसभर माणसं काही ना काही विचारत आणि ताई सांगत. पण अशी पाटी आपल्याच दारावर लागेल, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

त्यांचं हृदय थकलं होतं. असं हृदय रक्त पुरेसं पुढे ढकलू शकत नाही, मग पाणी मागे साचतं, फुफ्फुसांत उतरतं आणि माणसाला आडवं होता येत नाही. आदल्या वर्षी त्या तीनदा भरती झाल्या होत्या. तिसऱ्या वेळी तर नागपूरहून आलेल्या मुलाला, तन्मयला, डॉक्टरांनी बाजूला घेऊन मनाची तयारी ठेवायला सांगितलं होतं. त्यातून त्या उठल्या आणि त्यांच्या घरात श्वासपट बसला.

श्वासपट म्हणजे भिंतीवर चिकटवलेला, कॅलेंडरच्या कागदाइतका पातळ पडदा. त्यातून अतिशय क्षीण रेडिओलहरी खोलीभर पसरतात आणि माणसाच्या अंगावर आपटून परत येतात. श्वास घेतला की छाती पुढे येते, लहर किंचित लवकर परतते. श्वास सोडला की किंचित उशिरा. हृदयाच्या ठोक्यागणिक छातीची कातडी केसभर हलते, तेवढंही लहरीला कळतं. फुफ्फुसं ओलावू लागली की माणसाला जाणवण्याच्या बऱ्याच आधी श्वासाची चाल बदलते. ती बदलली की श्वासपट ताईंच्या खांद्याच्या हाडाखाली बसवलेल्या कुपीला हुकूम द्यायचा. बोराएवढ्या त्या कुपीत औषधांचे बारीक कप्पे होते. हवा तो कप्पा हवा तेवढाच उघडे, औषध रक्तात जाई आणि पाणी उतरे. ताईंना बहुतेक वेळा पत्ताही लागत नसे. चुकीच्या हुकमाने औषध सुटू नये म्हणून कुपी फक्त नोंदलेल्या श्वासपटाचं ऐकायची, दुसऱ्या कशाचंच नाही.

यंत्र चांगलं होतं. ते बसल्यापासून ताईंना एकदाही भरती व्हावं लागलं नाही. पेच पडला तो शब्दांचा. जुन्या कायद्यात खाटा असतील ते रुग्णालय, डॉक्टर बसेल तो दवाखाना आणि बाकीचं घर, इतकं सरळ होतं. आता डॉक्टर कुठेच बसत नव्हता आणि खाट तर घरोघरी होती. कुठल्याशा शहरात एका घरी भिंत रंगवायची म्हणून नातेवाइकांनी श्वासपट दोन दिवस उतरवून ठेवला आणि रुग्ण दगावला. खटला वर्षभर चालला. हे घर होतं की रुग्णालय, यावरच दोन्हीकडचे वकील भांडत राहिले. मग नवा कायदा आला आणि त्याचं पहिलं प्रकरण व्याख्यांचं होतं. ज्या जागेत रुग्णावर यंत्राने सतत देखरेख व उपचार होतात आणि जिथे रुग्ण रात्री मुक्काम करतो, ती जागा रुग्णालय. मग ते चार मजली असो की दोन खोल्यांचं. रुग्णालय म्हटलं की रुग्णालयाचे सगळे नियम आले.

त्या नियमांचा पहिला फटका नसीमला बसला.

नसीम जमादार जिन्याच्या पलीकडच्या घरात एकटी राहायची. मिरजेत तंबोरे-सतारी करणाऱ्यांसाठी ती गवसण्या शिवायची, म्हणजे वाद्यांच्या जाड कापडी खोळी, आतून कापसाचं अस्तर लावलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी शबाना हुबळीला दिली होती. रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी नसीम चहाचा पेला हातात धरून, दार न वाजवता, मिरजेच्या बायका म्हणतात तसं “येतो मी” म्हणत ताईंकडे शिरायची.

पाटी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी दार उघडलं नाही.

“अभ्यागतांची वेळ दुपारी चार ते सहा आहे,” दारातून आवाज आला. आवाज बाईचा होता, गोड होता.

“अगं, मी अभ्यागत न्हवं. समोरची हाय,” नसीम म्हणाली.

“कृपया चार वाजता या. येताना मास्क लावा.”

ताई आतून दाराशी आल्या. “नसीम, मला नाही उघडता येत गं. चारला ये.”

“मग तुम्ही तरी या की इकडं.”

“परवानगी लागते. तन्मयला मागितलीय.”

रुग्णाला रुग्णालयाबाहेर पाऊल टाकायचं तर जबाबदार नातेवाइकाने फोनवर होकार द्यावा लागे. तन्मय नागपूरला मेट्रोच्या सिग्नल विभागात होता. कामात असला की तासन्‌तास उत्तर नसे. होकार आला तेव्हा नसीमचा चहा कधीच संपला होता आणि पलीकडे मशीन सुरू झालं होतं.

नसीम चारला आली. मास्क लावून, हात धुऊन, खुर्चीच्या कडेवर बसली. चहा आणता येत नव्हता, बाहेरचं खाणंपिणं बंद होतं. ती बोलता बोलता पुढे सरकली की श्वासपटाला दोन छात्या एकदम दिसत आणि त्याचा गोंधळ होई. “अभ्यागताने दोन मीटर अंतरावर बसावं,” असं तो सांगे. चार ते सहा हा नसीमचा कामाचा वेळ. खिडकीतला उजेड जाण्याआधी तिला टाके संपवावे लागत. थोडे दिवस ती रोज आली, मग एका आड एक दिवस, मग ताईच म्हणाल्या, “काम बुडवून येत जाऊ नकोस.” त्यानंतर ती दाराबाहेरूनच “बऱ्या हाय ना ताई?” असं ओरडून जायची. ताई आतून “हो” म्हणायच्या.

तन्मयचं निराळंच झालं. पूर्वी तो रात्री जेवण झालं की फोन करायचा. “कशी आहेस?” इथून सुरू व्हायचं आणि सून सायलीने केलेल्या कुठल्या तरी फसलेल्या पदार्थापर्यंत जायचं. श्वासपट बसल्यापासून ताईंचे आकडे त्याच्या फोनवर दिसू लागले. ठोके, श्वास, फुफ्फुसांतली ओल, झोप. सगळं ठीक असलं की हिरवं, जरा इकडेतिकडे झालं की पिवळं.

“आई, तुझे आकडे आज मस्त आहेत,” तो सुरुवातीला फोनवर सांगायचा. पुढे पुढे नुसता संदेश यायचा, ‘हिरवं’. मग तोही थांबला. सगळं दिसत असताना विचारायचं काय, असं त्याला वाटत असणार. तो काही वाईट मुलगा नव्हता. आकडे तो दिवसातून कितीदा तरी बघायचा, हे सायलीनेच एकदा ताईंना सांगितलं होतं.

एकदा ताईंनीच फोन लावला.

“काय झालं आई?” तो दचकून म्हणाला. “इथे तर हिरवं दिसतंय.”

“काही नाही रे. सहज केला.”

“बरं. मीटिंगमध्ये आहे. रात्री बोलू?”

“बोलू.”

रात्री हिरवंच होतं, त्यामुळे तो विसरला.

त्या वर्षात ताईंची स्वतःच्या आवाजाची सवय मोडली. कधी भाजीवाल्याशी फोनवर बोलताना घसा खरवडल्यासारखा निघे. खिडकीत बसून त्या रस्त्यावरून बॅगा ओढत जाणारी माणसं बघायच्या. ती माणसं थांबून कोणाला तरी पत्ता विचारत आणि पुढे जात. वरच्या मजल्यावर कोणी तरी त्या सगळ्या पत्त्यांची माहितगार बसली आहे, हे त्यांना कसं कळणार?

वर्ष संपता संपता तपासणी आली. ऋतुजा मगदूम नावाची तिशीतली निरीक्षक होती. तिने नळकांड्याची तारीख बघितली, खाट भिंतीपासून किती दूर आहे ते मोजलं आणि हातातल्या टॅबलेटवर एकेक रकाना विचारून विचारून भरत गेली.

“रुग्णसंख्या?”

“मीच एक.”

“कर्मचारी?”

“कोणी नाही.”

“वर्षभरातले अभ्यागत?” तिने स्वतःच नोंद काढली आणि तिचं बोट थांबलं. तिने ताईंकडे पाहिलं. “काकू, गेल्या पाच महिन्यांत कोणीच नाही?”

“येतात लोक. दाराबाहेरून विचारून जातात.”

ताईंनी चहा केला. नियमात बसत नव्हतं, तरी ऋतुजाने घेतला. ताई समोर बसून ती पितेय हे बघत राहिल्या.

“तुमच्या कायद्यात शेजारी कुठे येतो हो?” त्यांनी विचारलं.

ऋतुजाने सवयीने टॅबलेटवर व्याख्यांचं पान उघडलं. “रुग्ण आहे, अभ्यागत आहे, परिचारक, जबाबदार नातेवाईक...” ती खालपर्यंत गेली. “शेजारी नाही काकू. शेजारी आला की तो अभ्यागत.”

“आणि ही वेळ चार ते सहाच का?”

“रुग्णालय आहे ना. दवाखाना असता तर काहीच बंधन नव्हतं. सकाळी सहा ते रात्री दहा कोणीही या, कोणीही जा. मास्क नाही, नोंद नाही, तुम्हाला बाहेर जायला परवानगीची गरज नाही.”

“यंत्र तेच?”

“यंत्र तेच. देखरेख तीच, औषध तेच. फरक फक्त रात्रीचा. रुग्ण येतो आणि त्याच दिवशी परत जातो तो दवाखाना. रात्री मुक्काम केला की रुग्णालय.”

ताईंनी हिशेब केला. मग म्हणाल्या, “म्हणजे मी रात्री दुसरीकडे झोपायला गेले तर?”

ऋतुजाने कप खाली ठेवला. “काकू, तुमच्या आजारात धोका असतो तो रात्रीचाच. आडवं झाल्यावर पाणी चढतं. इथे नसलात तर कुपी उघडणार नाही.”

“ते माहीत आहे मला. कायद्यात बसतं का, एवढंच सांगा.”

“बसतं,” ती म्हणाली. निघताना दारात घुटमळली. “पण मी सुचवलं असं म्हणू नका.”

वर्ग बदलायला तन्मयचा होकार हवा होता. ताईंनी फोन केला तेव्हा त्याला आधी काही समजेचना.

“आपलं घर सोडून रात्री नसीममावशींकडे झोपायचं? का पण? काय त्रास आहे तुला घरात?”

“त्रास काही नाही.”

“वर्षभरात एकदाही भरती झाली नाहीस आई. एकदाही. आठवतंय ना आधीचं वर्ष?”

“आठवतंय.”

“मग?”

ताईंना सांगता येईना. सकाळी कोणी तरी “येतो मी” म्हणत आत यावं म्हणून मी रात्रीचा जीव टांगणीला लावते, असं मुलाला कसं सांगायचं? “मला बरं वाटेल,” एवढंच त्या म्हणाल्या.

तो चिडला. तीन-चार दिवस त्याने काही कळवलं नाही. शेवटी होकार आला, त्याच्याबरोबर एक अटही आली. “मावशींनी तुझ्याजवळ झोपायचं. आणि रात्री मी फोन करणार, कारण तिथे मला काहीच दिसणार नाही.”

निळी पाटी उतरली, हिरवी लागली. ‘गृहदवाखाना. सकाळी सहा ते रात्री दहा.’

नसीमने कापड बेतायच्या टेबलाशेजारी पलंग मांडला, डोक्याशी तीन उशा रचल्या. खोलीला नव्या कापडाचा आणि खडूचा वास होता. साडेनऊच्या सुमाराला ताई पांघरूण काखेत मारून जिना ओलांडायच्या आणि फोन यायचा.

“कशी आहेस?” तन्मय विचारायचा. त्याला विचारावंच लागे. “दम लागतोय का? पाय सुजलेत? बोटाने दाबून बघ. खड्डा पडतो का? किती उशा घेतल्यास?” ताई एकेकाचं उत्तर द्यायच्या. सुरुवातीला ती उलटतपासणीच होती. हळूहळू तिच्या मागेपुढे दुसरं काहीबाही येऊ लागलं. काय जेवलीस, मावशींनी काय केलं होतं, नागपूरचं ऊन, सायलीची नवी नोकरी. कधी कधी फोन तासभर चालायचा आणि नसीम दिवा मालवायची वाट बघत जांभया द्यायची. सकाळी दोघी मिळून दवाखान्यात जायच्या, नसीम पेला घेऊन खुर्चीवर मांडी ठोकून बसायची, आणि आत गेल्या गेल्या श्वासपट रात्रीचं साचलेलं काय ते निस्तरून टाकायचा.

थंडीत एकदा मात्र पहाटेच ताईंना जाग आली ती गुदमरून. उठून बसलं तरी श्वास पुरेना. छातीत पाण्याची गुळणी केल्यासारखा आवाज येत होता. नसीमने दिवा लावला, त्यांचा चेहरा बघितला आणि त्यांना धरून जिन्यात आणलं. ताईंनी दाराला अंगठा लावला.

“दवाखाना सकाळी सहा वाजता उघडेल,” दार म्हणालं. “तातडीची सेवा हवी असल्यास रुग्णवाहिका बोलावू का?”

“व्हय, बोलीव,” नसीम म्हणाली.

ताईंनी हात आडवा केला. “नको.” त्यांच्या तोंडून एका दमात एक-दोनच शब्द निघत होते. “गाडी आली... की तन्मय... पुन्हा... निळी पाटी.”

“त्या पाटीपायी जीव घालवणार काय?”

“किती... वाजले?”

“वाजायला आलेत सहा. पर कशाला थांबायचं?”

“थांब.”

नसीमने त्यांना पायरीवर बसवलं, स्वतः मागे बसून त्यांची पाठ आपल्या छातीला टेकवली. ती रडत होती आणि शिव्या देत होती. दाराला, कायद्याला, नागपूरला आणि ताईंनाही. ताईंचे ओठ निळे पडत चालले होते. खालच्या मजल्यावर कोणाचा तरी नळ सुरू झाला. दाराची कळ आपोआप सुटली तेव्हा नसीमने त्यांना जवळजवळ ओढतच आत नेलं. श्वासपटापुढे बसवल्याबरोबर कुपी उघडली. हळूहळू छातीतला आवाज कमी झाला, ओठांवर रंग आला.

नागपूरला आकडे लाल झाले होते. तन्मयचा फोन आला. तो ओरडत होता. आजच पुन्हा रुग्णालय करून घेतो, माझ्या हातात आहे, तुझ्या सहीचीही गरज नाही, म्हणाला. ताईंना बोलायला जोर नव्हता. नसीमने फोन घेतला.

“बाबा, मी हाय इथं,” ती म्हणाली. “पुन्यांदा असं झालं तर मी गाडी बोलावणार, तुझ्या आईला विचारणार न्हाई. पर तू तेवढं करू नकोस. ती आत बसून मरायला लागली हुती रे. तुला न्हाई दिसायचं ते.”

पलीकडचं ओरडणं थांबलं. मग तो म्हणाला, “बरं मावशी. पण तुम्ही आहात म्हणून.”

थंडी सरली आणि हुबळीहून फोन आला. शबानाच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलं होतं, घरात दोन लहान मुलं होती. नसीमने मशीनवर चादर टाकली, अर्धवट गवसण्या दुकानात परत दिल्या.

“पंधरा दिवसांत येतो मी,” तिने घराची किल्ली ताईंच्या हातात ठेवली. “तंवर घरातच झोपा. पाटी लागंना का निळी. पंधरा दिवसांचा तर सवाल.”

“बघते,” ताई म्हणाल्या.

त्या रात्री पांघरूण घेऊन त्या घरातच उभ्या राहिल्या. इथे आडवं व्हायचं, एवढंच करायचं होतं. श्वासपटाने रात्रभर त्यांना सांभाळलं असतं आणि नागपूरला सकाळपर्यंत हिरवं दिसलं असतं. दहा वाजायला आले तशी त्यांनी किल्ली घेतली आणि जिना ओलांडला.

फोन आला.

“कशी आहेस?”

“बरी आहे.”

“मावशी काय करतायत?”

ताईंनी मशीनवरच्या चादरीकडे बघितलं. “झोपली. दमली होती आज.”

पंधरा दिवसांचा महिना झाला. शबानाला उठता येत नव्हतं, नसीमचं परतणं लांबत गेलं. ताईंनी उशा वाढवल्या, आता त्या जवळजवळ बसूनच झोपायच्या. पाणी कमी प्यायच्या, संध्याकाळी नुसती ताकभाकरी खायच्या. घर रिकामं असलं की त्यातले आवाज मोठे होतात. टेबलाचं लाकूड तडकायचं, खिडकीची काच थरथरायची, आणि ताई जाग्या होऊन स्वतःचा श्वास ऐकत बसायच्या. तो वाढला तर पाठीला टेकू द्यायला मागे कोणी नव्हतं. सकाळी सहाला दवाखाना उघडायचा, त्या आत जायच्या, एकट्याच चहा करायच्या. येण्याजाण्याला आता कुठलंच बंधन नव्हतं आणि येणारं कोणी नव्हतं. तरी साडेनऊ वाजले की त्या जिना ओलांडायच्या. तन्मय विचारायचा, त्या सांगायच्या. मावशी झोपल्या, मावशी नमाज पढतायत, मावशी खाली गेल्यात. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, पण ते दिवसागणिक सोपं होत गेलं.

ईदच्या रात्री तन्मयचा फोन आला तेव्हा तो खुशीत होता. “आई, आधी मावशींना दे. ईद मुबारक म्हणतो.”

“ती... बाहेर गेलीय.”

“आत्ता? मग आल्यावर दे. मी थांबतो.”

ताईंनी मशीनवरची चादर सारखी केली.

“आई?”

“नाहीये ती इथे.”

“कुठे गेल्यात?”

“हुबळीला. महिना होऊन गेला.”

तन्मय अगदी हळू आवाजात म्हणाला, “म्हणजे तू रोज एकटी झोपतेस? त्या रिकाम्या घरात?”

“हो.”

“समोर आपलं घर आहे. तिथे सगळं आहे. का आई?”

ताईंनी बरंच काही सांगायचं ठरवलं होतं, कधी तरी वेळ आली तर. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. “तिथे झोपले की तू विचारत नाहीस,” त्या म्हणाल्या.

त्या वाट बघत राहिल्या. आता तो ओरडेल, मग वर्ग बदलून टाकेल, त्याला फोनवर एक बोट लावायचा अवकाश होता. उद्या ती दोन माणसं येतील. त्यांनी मनाशी मान्यही केलं. चूक त्यांचीच होती.

“किती उशा आहेत?” तन्मयने विचारलं.

“पाच.”

“फोन चार्जिंगला लाव. आणि उशीवर ठेव, तोंडाजवळ. बंद करू नको.”

“म्हणजे?”

“मला ऐकू येऊ दे. मी बसतो इथे काम करत. श्वास वाढला तर मी इथून गाडी बोलावेन. तू झोप. उद्याचं उद्या बघू. रविवारी मी तिकडे येतो.”

“अरे, रात्रभर का बसणार आहेस?”

“झोप तू.”

ताईंनी वायर लावली, फोन उशीवर ठेवला, दिवा मालवला. अंधारात पलीकडचं घर ऐकू येऊ लागलं. खुर्ची सरकली. पेल्यात चमचा फिरला. सायलीने झोपेतल्या आवाजात काही तरी विचारलं, त्याने दबक्या आवाजात उत्तर दिलं, दार लोटलं गेलं. मग बोटांची टकटक. सहाशे-सातशे किलोमीटरवर आपला मुलगा बसलाय आणि आपला श्वास ऐकतोय, हे ताईंना विचित्र वाटलं. त्या लाजल्याही. श्वास नीट घेतला पाहिजे असं वाटून तो उलट अडखळला.

“आहे ना मी,” तो म्हणाला. “सावकाश.”

त्या पडून राहिल्या. थोड्या वेळाने तो खोकला. कोरडा, खोलवरून येणारा खोकला होता, आणि तो लवकर थांबेना. तोंडावर हात धरून तो दाबत होता, तरी ऐकू येत होता. मग पाण्याचा घोट. मग पुन्हा टकटक. दहा मिनिटांनी पुन्हा तोच खोकला.

ताई अंधारात डोळे उघडून ऐकत होत्या. हा खोकला त्यांना नवा होता. रोज रात्री त्या स्वतःचे पाय, स्वतःचा दम, स्वतःच्या उशा सांगत आल्या होत्या.

“तन्मय,” त्या म्हणाल्या.

“काय गं? होतंय का काही?”

“मला काही नाही. तुला खोकला कधीपासून आहे?”

टकटक थांबली.

“झाले दोन महिने,” तो म्हणाला, आणि मग खुर्ची जवळ ओढून घेत सांगायला लागला.